लाकडी अंडी आणि दोन कच्च्या भाषा

अंडी निवडणाऱ्या मशिनीचं काम सांगायला सोपं आहे. पट्ट्यावरून अंडं येतं, वरचा कॅमेरा ते निरखतो, तडा दिसला तर पुढची झडप त्याला हलकेच बाजूच्या ट्रेमध्ये ढकलते, नाही दिसला तर अंडं आपल्या वाटेनं पुढे जातं. कुठलाही शहाणा माणूस हे एका दुपारीत शिकतो. मशिनीला शिकवण्यात मामांची अर्धी हयात गेली होती.

मामा म्हणजे धाकटीचे सख्खे मामा. वर्कशॉप तिच्या मोठ्या भावाचं, म्हणजे दादाचं, आणि मशिनीत चालणारा सगळा प्रोग्राम मामांच्या हातचा. धाकटी आता चांगली शिकली-सवरलेली, चष्मा लागलेली बाई होती, पण घरात एकदा धाकटं म्हणून नाव पडलं की पेन्शन लागेपर्यंत त्यातून सुटका नाही.

तर त्या मशिनीला एक मेंदू होता, तळहाताएवढा, हिरव्या रंगाचा. तो बनवणाऱ्या कंपनीनं एक दिवस 'आपल्या प्रेमाबद्दल आभार' असं कळवून तो बनवणं बंद केलं. दादानं बाजार पालथा घातला, उरलेसुरले मेंदू आणले, तेही संपले. मग आला नवा मेंदू. स्वस्त, चपळ, आणि इतका नवा, की त्याच्याशी बोलायचं कसं हे तो बनवणाऱ्यांनाही अजून पुरतं ठरवता आलं नव्हतं.

त्याच्याशी बोलायला दोन भाषा होत्या. एक जुनी, मामांची, साऱ्या जगाला येणारी. पण आपण लिहिलेलं मेंदूला कळेल असं करून देणारा जो कंपायलर लागतो, तो या मेंदूसाठी जुनीलाही आत्ता कुठे मिळाला होता, आणि अजून रांगत होता. दुसरी नवी. तिच्यात भाषाच कालची, आणि कंपायलर परवा येणार असल्यासारखा. थोडक्यात, अनुभवी घोड्यावर नवशिका स्वार बसवायचा, की शिंगरावर शिंगरू, एवढाच प्रश्न होता.

आणि गुरुवारी अंडीवाल्या बाई येणार होत्या. त्यांच्या कोंबड्यांच्या शेडा इतक्या, की वर्कशॉपचं निम्मं पोट त्यांच्यावर चाले. त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "नव्या मेंदूची मशीन माझ्या डोळ्यांदेखत माझी अंडी निवडून दाखवू दे. दाखवली तर घेते. नाहीतर मला दुसरं वर्कशॉप माहीत आहे."

बाई गेल्या तर काय होणार हे दादानंही सांगून टाकलं होतं. शटर खाली. मामा मुलीकडे राहायला जाणार, ते तर वर्षभरात जाणारच होते. दादा सासऱ्यांच्या रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसणार. राहिली धाकटी. तिला परत त्या मोठ्या ऑफिसात जावं लागलं असतं, जिथे तिनं पूर्वी वर्षभर पडद्यावरच्या एका बटणाचे कोपरे गोल केले होते, आणि वर्ष संपताना वरच्या मजल्यावरून निरोप आला होता की कोपरे पुन्हा चौकोनी करा. त्या दिवशी ती बॅग उचलून दादाच्या वर्कशॉपमध्ये आली ती आलीच. इथे निदान झडप हलली की हललेली दिसायची.

"जुनीच," मामा म्हणाले. "मी तिच्यात स्वप्नं बघतो."

"काय दिसतं स्वप्नात?" वहिनींनी विचारलं. वहिनी शाळेत चित्रकला शिकवत, आणि सध्या शाळेला सुट्टी असल्यामुळे रोज वर्कशॉपमध्ये येऊन सगळ्यांना प्रश्न विचारत.

"अर्धविराम. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक."

"नवीचं मॅन्युअल बघितलं का कुणी?" दादा म्हणाला. "कॅमेऱ्याच्या प्रकरणात एकच वाक्य आहे. 'हे प्रकरण लिहायचं आहे.'"

"निदान खोटं तरी नाही लिहिलं," धाकटी म्हणाली.

"आणि काल तुझा कंपायलर कुठे चूक दाखवत होता? फाइल संपते त्याच्याही पार खाली! रिकाम्या जागेत काय चुकणार आहे माणसाचं?"

"त्याला कधीकधी लांबचं आधी दिसतं."

"नाचता येईना अंगण वाकडं, असं माणसांबद्दल म्हणतात," दादा म्हणाला. "हिच्या या नवीच्या बाबतीत अंगण खरंच वाकडं आहे, आणि अर्धं अजून सारवायचंय. मी म्हणतो वर्षभर थांबू. दोन्ही भाषा पिकतील."

"वर्षभरानं तू पिवळा रंग विकत असशील."

दादानं नाक मुरडलं. पिवळा त्याला मुळीच आवडत नसे.

या वर्कशॉपमध्ये वाद तोंडानं मिटवायचा नाही, लाकडी अंड्यांनी मिटवायचा, असा रिवाज होता. नव्या माणसाला हे ऐकून जरा मागे सरकावंसं वाटे, पण त्यात मारामारी नव्हती. चाचणीला रोज खरी अंडी फोडणं परवडत नाही म्हणून सुतारानं टोपलीभर लाकडी अंडी कातून दिली होती, आणि त्यातल्या काहींवर वहिनींनी काळ्या रंगानं तडे काढले होते. ज्याचं म्हणणं लाकडी अंड्यांवर चाललं, त्याचं खरं. तेव्हा ठरलं की मामांनी जुनीत लिहायचं, धाकटीनं नवीत, आणि अंडी सांगतील तसं करायचं.

मामांचं आधी झालं. त्यांना प्रोग्राम नव्यानं लिहायचा नव्हता, आहे तोच नव्या मेंदूत ओतायचा होता. कंपायलरनं हूं की चूं न करता सगळं गिळलं. मामा ऐटीत म्हणाले, "सोडा अंडं."

तडा काढलेलं लाकडी अंडं सुटलं. ते झडपेपाशी पोचायच्या कितीतरी आधी झडपेनं वाऱ्याला एक सणसणीत चापट मारली आणि ती जागेवर जाऊन बसली. अंडं मागून सावकाश आलं आणि तसंच पुढे निघून गेलं. दुसऱ्या अंड्याला तेच. तिसऱ्यालाही तेच.

मामांनी स्वतःचा प्रोग्राम वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी ते चहाही न घेता परत वाचत बसले. "माझंच काही चुकत असणार," असं ते दोनदा म्हणाले, आणि मामांच्या तोंडून हे वाक्य कुणीच आजवर ऐकलेलं नसल्यामुळे वर्कशॉपमध्ये एकदम दवाखान्यासारखी शांतता पसरली.

धाकटीनं आपलं काम बाजूला ठेवलं आणि कंपायलरनं मेंदूला नक्की काय सांगितलंय ते उकरून काढलं. मामांनी लिहिलं होतं, अंडं झडपेसमोर येईपर्यंत नुसतं मोजत बस. कंपायलरनं विचार केला, हा गडी मोजतो, पण मोजलेलं कुणालाच सांगत नाही. मग मोजायचं तरी कशाला? आणि त्यानं ते थांबणंच कापून टाकलं होतं.

"न विचारता?" मामा म्हणाले.

"नियमानं त्याला तसा हक्क आहे, मामा."

"जुना कंपायलर कधी असं वागला नाही."

"जुना तुम्हाला ओळखत होता."

मामांनी योग्य जागी योग्य शब्द घातला, 'हे थांबणं मुद्दाम आहे, हात लावू नये' अशा अर्थाचा. झडप सुधारली. पण असं मोजत बसणं त्यांच्या प्रोग्राममध्ये पावलोपावली होतं. त्या काळी सगळे तसंच लिहीत. मामा एकेक शोधून शब्द घालत सुटले, आणि सगळे सापडले का, हे सांगणारं कुणीच नव्हतं. कंपायलर तर देवळाबाहेरच्या दगडासारखा गप्प.

इकडे धाकटीची गंमत उलटी होती. नवीचा कंपायलर गप्प बसायलाच तयार नव्हता.

आधी कॅमेऱ्याचा भाग. तो कुणा विद्यार्थ्यानं अर्धा लिहून जगासाठी ठेवून दिला होता. धाकटीनं त्याला विचारलं, पुढचा अर्धा कधी? उत्तर आलं, 'माझी परीक्षा झाली. आता इच्छा उरलेली नाही. तुम्हाला हवं तर तुम्हीच सांभाळा.' धाकटीनं तो पदरात घेतला आणि पुढचा अर्धा लिहिला.

मग प्रोग्राम कुठे अडकतो ते बघायचं हत्यार. नवीला ते नव्हतंच. तेव्हा धाकटीनं झडपेलाच बोलायला लावलं. प्रोग्राम कॅमेऱ्यापाशी पोचला की एक टक, निर्णयापाशी पोचला की टकटक. दोन दिवसांत सगळ्यांना ती बोली येऊ लागली. मामा सोल्डरिंग करताना मान न उचलता "हं, बघितलं त्यानं" म्हणत, आणि वहिनी आतल्या खोलीतून ओरडत, "अगं, कॅमेऱ्यापाशी बसलंय गं तुझं!"

आणि शेवटी प्रश्न. गावाला निघालेल्या माणसाला दारात अडवणाऱ्या आत्यासारखा तो कंपायलर एकेक प्रश्न काढी, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. अंडं आलंच नाही तर? उशिरा आलं तर? वेळेआधी आलं तर? दोन एकदम आली तर? अंडं आलं आणि परत गेलं तर?

"परत कुठे जाणार अंडं?" धाकटी पडद्यावर ओरडली.

"कोंबडीत," पलीकडून दादा म्हणाला.

तिनं दात-ओठ खात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहिलं. जिथे काही सुचलं नाही तिथे लिहिलं, 'थांब आणि सांग.'

बुधवारी दोघांचेही प्रोग्राम लाकडी अंड्यांवर लावले. मामांच्या जुनीनं वहिनींचा प्रत्येक तडा हुडकला. धाकटीच्या नवीनंही हुडकला. अंड्यांनी निकाल दिला नव्हता. वर्कशॉपच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं, आणि टोपलीकडे सगळे जरा रागानंच बघू लागले.

"मग जुनी," दादा म्हणाला. "उद्या काही अडलं तर ती येणारी माणसं तरी मिळतील. तुझ्या नवीत काहीच नाहीये गं."

"काय काय नाहीये ते मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. "ते मी लिहीन. जुनीत काय नाहीये ते मला माहीत नाही, तुला माहीत नाही, मामांनाही माहीत नाही. ते वाऱ्याला चापट मारणं आपल्याला दिसलं, कारण झडपेचा आवाज होतो. जी चूक आवाज करणार नाही ती कुठे दिसेल? बाईंच्या शेडमध्ये."

"वर्कशॉप माझं आहे."

"असू दे की. पण मामा वर्षभरात निघाले. मग त्यांनी कुठे कुठे 'हात लावू नये' लिहिलंय ते तू शोधणार आहेस?"

दादानं मामांकडे बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत होते.

"बरं," शेवटी दादा म्हणाला. "आधी तुझी लावू. पण मामांचा प्रोग्राम भरलेला मेंदू बाजूला तयार ठेवायचा. बाईंसमोर अडलं तर मी एक मिनिट थांबणार नाही."

गुरुवारी बाई आल्या. अंड्यांचे ट्रे त्यांनी गाडीत पुढच्या सीटवर ठेवून वर पट्टा लावला होता, आणि त्यांचा मॅनेजर मागे डिकीतल्या खोक्यांत अंग चोरून बसला होता. बाईंनी कुणाला नमस्कार केला नाही. एक अंडं उचललं, नखानं टकटक केलं, कानाशी नेलं, पट्ट्यावर ठेवलं.

"चालवा."

अंडं कॅमेऱ्याखालून चार बोटं पुढे गेलं आणि पट्टा थांबला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'अंडं वेळेआधी आलं. थांबले आहे.'

"हे काय?" बाई म्हणाल्या.

दादा पुढे झेपावला. तो शब्दाला जागला, एक मिनिट थांबला नाही. धाकटी "अरे, दादा" म्हणेपर्यंत त्यानं तिचा मेंदू उपसला आणि मामांचा बसवला.

पट्टा सुरू झाला, मॅनेजरनं एकामागून एक अंडी सोडली. जुनीनं काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. तडा गेलेलं अंडं आलं, झडप आली, पण अंडं तोवर पुढे सरकलं होतं, आणि झडप बरोबर मागून येणाऱ्या धडधाकट अंड्याच्या पोटात बसली. पिवळा बलक पट्ट्यावर पसरला. पुढचं अंडं त्यात घसरलं. झडप आपल्या हिशेबानं मन लावून काम करत राहिली, फुटकी अंडी मानानं पुढे आणि चांगली फोडून बाजूला. दादा बटण शोधत होता. प्लग मामांनीच खेचला.

"वेळ चुकतेय," ते हळू म्हणाले. "पण लाकडी अंड्यांवर तर..." बोलता बोलता त्यांचा उजवा अंगठा हवेत फिरत होता, काहीतरी पिळत असल्यासारखा.

धाकटीनं तो अंगठा बघितला. "मामा, काय पिळताय?"

मामांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं, परका असल्यासारखं. "खुंटी," ते म्हणाले. "अगं, जुन्या मेंदूवर वेळ जुळवायची खुंटी होती."

मग सगळ्यांनाच दिसलं. सुताराची लाकडी अंडी जड आणि एकसारखी, ती सरळ, संथ येत. खरी अंडी हलकी, लहानमोठी, डुलत पुढे धावत. इतकी वर्षं मामा ग्राहकाकडे मशीन बसवायला गेले की गप्पा मारता मारता ती खुंटी पिळायचे, आणि हे एक काम आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, मामांच्याही नाही. नव्या मेंदूला खुंटीच नव्हती.

"बाई," धाकटी म्हणाली, "तुम्ही जेवून या. तोवर मी करते."

"डबा आणलाय," बाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, बरोबर धाकटीच्या खांद्यामागे, आणि डबा उघडला. "कर तू. मी बघते."

धाकटीनं स्वतःचा मेंदू परत बसवला. खुंटी तिनं केली नाही. खुंटी म्हणजे पुन्हा कुणाचा तरी अंगठा आला. तिनं कॅमेऱ्याला प्रत्येक अंडं दोनदा बघायला लावलं. पहिल्या आणि दुसऱ्या बघण्यात ते किती सरकलं त्यावरून त्याचा वेग काढायचा, आणि झडपेनं त्या त्या अंड्याच्या वेगाप्रमाणे उठायचं. कंपायलरनं लगेच विचारलं, आणि वेग मिळालाच नाही तर? तिनं उत्तर लिहिलं. मग कंपायलर थोडा वेळ घुटमळला आणि आडवा झाला. पडद्यावर आलं: 'तुमची चूक नाही. माझ्यातच काहीतरी बिघडलं आहे.'

बाई घास हातात धरून पुढे झुकल्या. "हा असं कबूल करतो?"

"रोज."

बाईंनी मान वळवून मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरनं छताकडे बघितलं.

"मग आता?" दादानं विचारलं.

"आता त्याला वळसा," धाकटी म्हणाली. तिनं ते लांबलचक वाक्य अर्ध्यावर तोडलं. कंपायलर पुन्हा आडवा. मग मधला हिशेब उचलून वेगळा ठेवला, तरी तेच. दादा मागे येरझाऱ्या घालायला लागला तेव्हा मामांनी त्याला हाताला धरून बसवलं. धाकटीनं वेगाचा सगळा भाग पुसला, आणि पहिल्यापासून, साध्या साध्या, शाळेतल्या पोरानं लिहावीत अशा वाक्यांत लिहिला. कंपायलरनं तो घेतला.

पट्टा पुसून घेतला होता. बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि स्वतःच्या हातानं अंडी सोडली. लहान, मोठी, डुलणारी, धावणारी. झडप प्रत्येकाची वाट बघत होती, आणि तडा असलेल्याला ज्याच्या त्याच्या वेळी ढकलत होती. वहिनींनी आतून टाळी वाजवली.

धाकटीनं पट्टा थांबवला.

"काय झालं?" दादा दचकला. "चाललंय की छान!"

"हे चुकलं." तिनं पुढे गेलेलं एक अंडं उचलून बाईंसमोर धरलं. "याला टोकाशी बारीक चिरा आहेत, जाळीसारख्या. आमच्या लाकडी अंड्यांवर असा तडा नाहीच. वहिनींचे तडे देखणे आहेत. कोंबड्यांचे नसतात. हे मला शिकवावं लागेल त्याला."

दादानं डोळे मिटून घेतले. काही घरांत माणसं उगाच खरं बोलतात, आणि त्याच्या नशिबी तसलं घर आलं होतं.

बाईंनी अंडं घेतलं, नखानं वाजवलं, कानाशी नेलं. "फुटकंच आहे," त्या म्हणाल्या. मग धाकटीकडे वळून, "मला एक सांग. तुझी ही भाषा उद्या बंद पडली तर? करणाऱ्यांची इच्छा उरली नाही, तर?"

"कंपायलर मी माझ्याकडे उतरवून ठेवलाय, जसा आहे तसा. कॅमेऱ्याचा भाग माझाच आहे. कंपायलर बिघडला तर तोही दुरुस्त करायला शिकेन."

"शिकेन म्हणजे आत्ता येत नाही."

"आत्ता नाही येत."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्या झाकणाला चार खटके होते, आणि बाईंनी चारही सावकाश बसवले.

"एका शेडची ऑर्डर देते," त्या म्हणाल्या. "वर्षभर तिथली मशीन चालवून दाखव. मग बाकीच्यांचं बोलू. आणि काही बिघडलं की मी यांना फोन करणार नाही," त्यांनी दादाकडे हनुवटी केली, "तुला करणार. वेळ-अवेळ बघणार नाही."

"करा," धाकटी म्हणाली, आणि नंबर दिला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर दादानं सासऱ्यांना फोन लावला. घसा साफ करून म्हणाला, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका, पण दुकानात बसायला काही माझं जमत नाही." पलीकडून इतका दीर्घ सुस्कारा आला की तो टेबलापलीकडे मामांनाही ऐकू गेला. "देव पावला," सासरे म्हणाले. "तुम्हाला नाही कसं म्हणायचं याच विचारात मला झोप नव्हती जावईबापू."

दादानं फोन खिशात टाकला. मग येऊन धाकटीच्या टेबलाशी उभा राहिला. तिनं ते जाळीच्या तड्याचं अंडं कॅमेऱ्याखाली ठेवलं होतं आणि ती लिहायला बसली होती. पडद्यावर कंपायलरच्या प्रश्नांची तांबडी अक्षरं उमटू लागली होती.

"एकच शेड म्हणजे ओढाताण होणार गं," तो म्हणाला. "आणि हे अजून कच्चंच आहे सगळं."

"आहे ना."

"मग?"

"मग काय? सरक जरा, उजेड अडतोय."